बाबा घरी नाहीत

या वेळी सल्ल्यासाठी आलेलं पत्र सहा पानी आहे आणि त्यातली चार पानं "ताई मी वाईट मुलगी आहे का" याच्याभोवतीच फिरतात, म्हणून बाकीच्यांना कळावं एवढंच थोडक्यात सांगते. धायरीत राहणारी बत्तीस वर्षांची मुलगी, लग्न झालेलं, हिंजवडीत नोकरी. वडील प्लॉटिंगवाले, म्हणजे उरुळीच्या बाजूला दोन-दोन गुंठ्यांचे तुकडे पाडून विकायचे, त्यातला एकेक तुकडा तीन-चार जणांना विकलेला. वर सोसायटीत भिशी चालवायचे, तीही बुडवली. गुन्हा दाखल झाला, आठ महिने येरवड्यात काढले, आता जामिनावर बाहेर आहेत आणि धनकवडीला आईबरोबर राहतात. सध्या त्यांचं चाललंय की सिंहगड रोडचा टू बीएचके तुझ्या नावावर करतो, बक्षीसपत्र करू, बापलेकीत काय, दोनशे रुपयाच्या स्टँपवर काम होतं, "तुझ्यासाठी आयुष्यात कायतरी चांगलं करायचंय मला". येत्या रविवारी कागद घेऊन येणार आहेत. नवऱ्याला यातलं अर्धंच माहितीय आणि सासूबाईंना असं सांगितलंय की ते आठ महिने बाबा केरळला आयुर्वेदिक ट्रीटमेंटला होते.

शेवटी ती लिहिते, "मला त्यांचा इतका राग येतो, पण दोन दिवस फोन आला नाही तर घास उतरत नाही."

अगं, तू वाईट मुलगी आहेस का हे मी ठरवत बसणारच नाहीये, ते ठरवून तुला रविवारी काडीचा उपयोग नाही. बाबा फाईल घेऊन दारात उभे राहतील तेव्हा तू चांगली का वाईट कोण विचारतंय, सही करतेस का एवढंच विचारतील.

पण तुझ्या पत्रातली एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाहीये आणि तू ती अगदी जाता जाता लिहिलीयस, चौथ्या पानावर, कंसात. तू नऊ वर्षांची, बालाजीनगरचं भाड्याचं घर, दारावर दोन माणसं आलेली. दाराला साखळी लावलेली आणि त्या फटीतून तू बोलतेयस, "बाबा घरी नाहीत, बाहेरगावी गेलेत", आणि बाबा तिथेच दारामागे, भिंतीला पाठ लावून, बनियनवर, ओठावर बोट ठेवून उभे. माणसं गेली. मग बाबांनी तुला उचलून घेतलं, माझी वाघीण ती म्हणाले, संध्याकाळी सारसबागेत नेऊन भेळ खाऊ घातली आणि वर कुल्फी. आणि पुढे तू लिहिलंयस, "मला त्या दिवशी इतकं भारी वाटलं होतं ताई, आमची दोघांची टीम असल्यासारखं."

हे वाचता वाचता माझा चहा गार झाला.

तुला लोक सांगतात ना, असल्या बापावर कसलं प्रेम करतेस, तोडून टाक, त्यांना हे कळतच नाही की बाहेर लबाड असलेला माणूस घरात प्रेमळ असू शकतो, उलट बऱ्याचदा चार आण्यांनी जास्तच असतो. फसवणाऱ्याला खडूस असून चालतच नाही गं, खडूस माणसाच्या हातात कोण पैसे ठेवेल. तुझ्या आईबाबांच्या घरासमोरचे काका खडकीच्या ॲम्युनिशन फॅक्टरीतून रिटायर झाले आणि ज्या गोडव्यापायी त्यांनी साडेतीन लाख काढून दिले, त्याच गोडव्यात तू वाढलीस. तो खोटा होता असं मी नाही म्हणणार. तू येरवड्याला मुलाखतीला गेलीस तेव्हा त्यांनी पहिलं काय विचारलं, "ॲप्रेझल झालं का, किती टक्के दिले?" स्वतः आत बसलेत आणि लेकीची पगारवाढ विचारतायत. हे नाटक नसतं, निदान सगळं नाटक नसतं. म्हणून तुझा घास उतरत नाही, आणि त्यात लाज वाटण्यासारखं मला तरी काही दिसत नाही.

फक्त एवढं बघ की त्या प्रेमाबरोबर दर वेळी तुला एक काम लावलेलं असतं. नऊ वर्षांची होतीस तेव्हा तुझं तोंड वापरलं. बावीसची झालीस तेव्हा पॅनकार्ड, ती बुलेट तुझ्या नावावर लोन काढून घेतली, चालवली त्यांनी आणि थकलेले हप्ते भरलेस तू. आता सही मागतायत. आणि सासूबाईंना तू काय सांगितलंस ते परत एकदा वाच, बाबा केरळला गेलेत. म्हणजे बाबा बाहेरगावी गेलेत. अगं तेच वाक्य आहे हे, तेवीस वर्षांनी! आणि या वेळी तर ते दारामागे बोट दाखवत उभे पण नव्हते, तुझं तूच म्हणालीस. (आणि आठ महिने आयुर्वेदिक ट्रीटमेंट म्हणजे जरा अतीच झालं हं. तुझ्या सासूबाई एकतर फार भोळ्या असतील नाहीतर फार शहाण्या, मला तरी शहाण्याच वाटतायत.)

आता त्या कागदाकडे येऊ. मी वकील नाही, पण सव्वीस वर्षं बँकेत काढलीत आणि त्यातली अकरा कर्ज खात्यात, त्यामुळे सही हा विषय मला जरा जास्तच कळतो. आमच्याकडे एक सर यायचे, शाळेत शिकवायचे, साडूच्या कर्जाला जामीन राहिलेले. साडू गायब. सर दर महिन्याला माझ्या टेबलापाशी बसून एकच वाक्य म्हणायचे, "मी फक्त सही केली होती हो मॅडम." शर्टाच्या खिशाला दोन पेनं, त्यातलं एक गळायचं, खिशाला कायम निळा डाग. आणि मला त्यांना सांगायला लागायचं की सर, जामीनदाराची जबाबदारी कर्जदाराइतकीच असते, कॉन्ट्रॅक्ट ॲक्टचं कलम १२८ आहे, १८७२ पासून आहे, आधी त्याला गाठा मग माझ्याकडे या असं तुम्हाला बँकेला म्हणता येत नाही. सरांच्या पगारातून कापून घेतले आम्ही पैसे. मी स्वतः ते पत्र टाईप केलंय.

बक्षीसपत्रात तू जामीन राहत नाहीयेस हे खरं, उलट तुला फुकटात फ्लॅट मिळतोय, ऐकायला किती छान. पण मालकाला एवढ्या लोकांचे पैसे द्यायचेत, त्याच्यावर केस चालू आहे आणि त्याला आत्ताच कशी आठवण झाली लेकीला घर द्यायची? ज्यांचे पैसे द्यायचेत त्यांना काही मिळू नये म्हणून मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली तर ते हस्तांतरण कोर्टात रद्द होऊ शकतं, मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम ५३. आणि भिशीची भानगड आहे म्हणजे एफआयआरमध्ये एमपीआयडी लागलाय का ते बघून घे, हा १९९९ चा महाराष्ट्राचा ठेवीदारांसाठीचा कायदा आहे, त्यात लोकांच्या ठेवीतून घेतलेली मालमत्ता दुसऱ्या कुणाच्या नावावर असली तरी जप्त होते. म्हणजे फ्लॅट वाचणार नाहीच, वर आर्थिक गुन्हे शाखेच्या नोटिशीवर तुझं नाव येईल आणि मग तू हिंजवडीत एचआरला सांगत बसशील की मी फक्त सही केली होती.

एका तुकड्याची चार साठेखतं करणाऱ्या माणसाला हे माहीत नसेल असं तुला वाटतं का? मला नाही वाटत. पण ते तुला मुद्दाम अडकवतायत असंही मी छातीठोक म्हणणार नाही. फ्लॅट वाचवायचाय आणि लेकीला काहीतरी द्यायचंय, या दोन गोष्टी त्यांच्या डोक्यात वेगळ्या नसतीलच. त्यांच्या आख्ख्या आयुष्यातच त्या वेगळ्या नव्हत्या.

आणि त्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यातच मला फार आवडलेली एक गोष्ट आहे. कलम १२२ म्हणतं की देणाऱ्याने दिलं आणि घेणाऱ्याने स्वीकारलं तरच ते बक्षीस. तू घेतलं नाहीस तर ते बक्षीसच होत नाही, बाबांनी कितीही सह्या करू देत. तुला आयुष्यात कुणी विचारलं नसेल की बाई गं तुला हवंय का, पण १८८२ चा इंग्रजांचा कायदा विचारतोय. नको म्हण.

मधे ते कोर्टाची एक तारीख बुडवून चार दिवस तुमच्याकडे येऊन राहतो म्हणत होते असं लिहिलंयस, त्याबद्दलही एक ऐकून ठेव. गुन्हेगाराला शिक्षेपासून वाचवायला लपवून ठेवणं हा स्वतंत्र गुन्हा आहे, पूर्वी आयपीसी २१२ होतं, आता भारतीय न्याय संहितेत २४९. त्यात सूट फक्त नवरा-बायकोला आहे. आईने लपवलं तर चालेल, तू लपवलंस तर नाही. लेक म्हणून तुला काही सवलत नाही तिथे. तारीख असेल त्या दिवशी वाटलं तर रजा टाक आणि शिवाजीनगर कोर्टापर्यंत सोबत जा, पण घरात लपवून ठेवू नकोस.

तुला ते जे फोन येतात ना, बापाचं कर्ज पोरीने फेडायला पाहिजे म्हणून, त्यांना घाबरू नकोस. तू कुठे सही केलेली नसेल तर त्यांचं कर्ज तुझं नाही. त्यांच्यामागे वारसाने काही आलंच तर जेवढं आलं तेवढ्यापुरती जबाबदारी, त्याच्यावर एक रुपया नाही. पूर्वी बापाचं कर्ज फेडणं हे मुलाचं धर्मकर्तव्य म्हणून कोर्टसुद्धा मानायचं, २००५ च्या हिंदू वारसा कायद्याच्या दुरुस्तीनंतर घेतलेल्या कर्जांना तेही लागू नाही. पण "तू सही केलेली नसेल तर" हे मी उगीच नाही म्हटलं. त्यांच्याकडे तुझ्या आधार-पॅनच्या झेरॉक्स आहेत. आज रात्री बसून तुझा क्रेडिट रिपोर्ट काढ, प्रत्येक कंपनीकडून वर्षातून एक फुकट मिळतो, आणि ओळखीचं नसलेलं एकही लोन दिसलं तर लेखी तक्रार टाक. आयजीआरच्या, म्हणजे नोंदणी खात्याच्या साइटवर त्या फ्लॅटचं इंडेक्स टू, म्हणजे नोंदलेल्या दस्ताचा गोषवारा, सर्च कर. आणि वकिलाची फी परवडत नाही असलं काही कारण सांगू नकोस, बाईमाणसाला उत्पन्नाची अट न लावता मोफत कायदेशीर मदत मिळते, स्वारगेटवरून मेट्रोने जिल्हा न्यायालय (सिव्हिल कोर्ट) स्टेशनला उतर, कोर्टाच्या आवारातच जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस आहे, फोन करायचा तर १५१००. मी सांगितलेलं तिथे दाखवून खात्री करून घे.

आता फीचं. तुझी इंजिनिअरिंगची चारही वर्षं त्याच पैशातून झाली हे तू तीनदा लिहिलंयस. वाल्या कोळ्याची गोष्ट आपण सगळ्यांनी ऐकलीय, सात रांजण खड्यांनी भरले आणि मग घरी जाऊन विचारलं तर बायकापोरं म्हणाली आम्ही पापाचे वाटेकरी नाही. मोकळे झाले सगळे. वाल्याचं पुढे काय झालं ते आख्ख्या जगाला माहिती, पण ती पोरं कशी जगली हे गोष्टीत कुणीच सांगत नाही. ती त्याच अन्नावर वाढलेली ना? रात्री झोपताना त्यांना काय वाटत असेल?

माझा सख्खा मामा पिग्मी गोळा करायचा. मंडईतल्या भाजीवाल्यांकडून रोजचे पाच-दहा रुपये घ्यायचा, त्यांच्या पुस्तकात लिहायचा आणि बँकेत भरायचाच नाही. मी सहावीत असताना मला त्याने लाल सायकल घेतली होती. कशातून घेतली ते मला दहावीनंतर कळलं, पण खरं सांगू का, मी ती कॉलेज संपेपर्यंत चालवली. विकली तेव्हा आलेले तीनशे रुपये हातात घेऊन किती वेळ नुसती उभी होते. शेवटी आईच्या डाळीच्या डब्यात टाकले. त्यामुळे "तुझा काय संबंध, तू लहान होतीस" असं मी तुला म्हणणार नाही. लहान होतीस, तुझा गुन्हा नाही, आणि तरी ते आत राहतंच.

म्हणून त्या समोरच्या काकूंचं मला महत्त्वाचं वाटतं. आईकडे गेलीस की भाजीच्या गाडीपाशी त्या दिसल्या तर तू गाड्यांच्या मागे लपतेस म्हणे. लपू नकोस. एकदा जाऊन भेट त्यांना, नवऱ्याला सोबत ने वाटल्यास. पैशाचा शब्द द्यायचा नाही, चेक तर नाहीच, व्हॉट्सॲपवर "मी बघते काकू" असलंही काही लिहायचं नाही, तो तुझा व्यवहार नाही आणि अर्धवट शब्द देणं हा तुमच्या घरातला जुना रोग आहे, रागावू नकोस पण आहे. नुसतं सांग की काकू, आमच्या घराने तुमचं वाटोळं केलं, मला ठाऊक आहे. आणि विचार की तक्रारदारांच्या यादीत तुमचं नाव आहे का, भिशीच्या वहीची पानं, पासबुकातल्या एंट्र्या दिल्यात का पोलिसांना, कारण जप्तीतून कधी काही वाटप झालंच तर नोंद असलेल्यांनाच मिळणार. त्या कदाचित शिव्या देतील, खाली मान घालून ऐक. कदाचित चहा टाकतील, ते जास्त जड जाईल.

आईकडून बाबांची ती धमकी पण आलीय ना, म्हाताऱ्या बापाला सांभाळायचा कायदा आहे म्हणून. आहे. २००७ चा आहे, आईवडलांना स्वतःचं भागत नसेल तर प्रांताधिकाऱ्याकडच्या न्यायाधिकरणात अर्ज करता येतो, महिन्याला दहा हजारांपर्यंत देववता येतात, आणि लग्न झालेल्या मुलीलाही ही जबाबदारी चुकत नाही असं सुप्रीम कोर्टाने १९८७ सालीच म्हटलेलं आहे. मग त्यात घाबरायचं काय? तू तसंही देणारच आहेस, मला माहितीय, तुझ्या पत्रात तीन ठिकाणी त्यांच्या बीपीच्या गोळ्यांचं नाव आहे. फक्त रोख हातात देऊ नकोस. मेडिकलवाल्याला परस्पर पैसे पाठव, किराणा घरपोच टाक, लाईट बिल तू भर. आणि आईचं वेगळं खातं काढ, ज्याचं एटीएम कार्ड आईच्याच पर्समध्ये राहील. आईबद्दल तू सहा पानांत जेमतेम चार ओळी लिहिल्यास, त्याही सगळ्या ती काय स्वयंपाक करते त्याच्या. तिला एकदा एकटीला घेऊन बाहेर जा, वैशालीत नाहीतर कुठेही, आणि विचार तिला काय वाटतं. कुणी विचारलेलं नसणार.

नवऱ्याला सगळं सांग, या शनिवारी, रविवारच्या आत. बुलेटचे हप्तेपण सांग. तो चिडेल, बापाने फसवलं म्हणून कमी आणि तू लपवलंस म्हणून जास्त, आणि त्याचं बरोबर असेल. मग दोघं मिळून सासूबाईंना केरळचं खरं काय ते सांगा. मला खात्री आहे त्या म्हणतील, मला माहिती होतं.

झोप नाही, छातीत धडधडतं असं लिहिलंयस, त्याकडे काणाडोळा करू नकोस. टेलिमानस म्हणून सरकारी लाईन आहे, १४४१६, फुकट आहे, मराठीत बोलता येतं.

राहिला रविवार. येऊ दे त्यांना. कांदेपोहे कर, त्यांना वरून जास्त खोबरं लागतं असं तूच लिहिलंयस, घाल जास्त. दारात हातात फाईल दिसली तर म्हण, बाबा, ती चपलांच्या रॅकवर ठेवा, जाताना आठवणीने न्या. ते हसतील, मग भाषण करतील, मग गप्प होतील, आणि ते गप्प झाल्यावर तुला सगळ्यात जास्त सही कराविशी वाटेल, तेव्हा उठून चहा टाकायला जा. फ्लॅट नकोय मला, तुम्ही येत जा, एवढंच बोल, जास्त समजावत बसू नकोस, वाद घालण्यात ते तुला ऐकणार नाहीत.

आणि ते आत बसलेले असताना बेल वाजली, कुणी त्यांना शोधत आलं, तर साखळी काढ, दार पूर्ण उघड आणि सांग, "आहेत. पोहे खातायत."